सुलोचनाबाईंची पाठ

माणसाला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवणं हे माझं काम. आयुष्यभर मी हेच केलं. लोक विचारतात, "मावशी, तुम्ही नर्स का?" मी नर्स नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ज्यांना स्वतःहून उठता येत नाही त्यांच्या घरी जायचं, त्यांना धुवायचं, भरवायचं, वळवायचं. रत्नागिरीत या कामाला धड नाव नाही. कोणी 'पेशंटवाली' म्हणतं, कोणी 'अंथरुणाची बाई' म्हणतं. मला सगळी नावं चालतात. वेळेवर चहा मिळाला की झालं.

नाताळ अंकासाठी लिहा, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका ताईने सांगितलं. विषयही तिनेच दिला, 'दुःखात देवाचा हेतू'. मी म्हटलं, "हेतू मला ठाऊक नाही. निजलेल्या माणसाच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं ते ठाऊक आहे." ती म्हणाली, "मग तेच लिहा." पुढे छापायचं की नाही हे तिचं ती बघेल.

आधी काम समजून घ्या. निजून असलेल्या माणसाचं वजन हाडांवर येतं. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती. तिथली कातडी हाड आणि गादी यांच्यात चेपली जाते. तिला रक्त मिळत नाही. आधी ती लाल होते. बोटाने दाबून बोट उचललं की चांगली कातडी पांढरी पडते आणि पुन्हा लाल होते. दाबूनही लालच राहिली तर समजायचं, आत बिघाड सुरू झाला. मग फोड, मग खड्डा, मग हाड. मी हाड पाहिलेलं आहे. जेवताना वाचणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

म्हणून दर दोन तासांनी वळवायचं. ओढायचं नाही, ओढलं की कातडी सोलते. अंगाखाली आडवी चादर घातलेली असते, ती धरून उचलायचं. गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचा अधांतरी. लाल झालेल्या जागेवर तेल चोळायचं नाही. हे मी घरोघर सांगून थकले, तरी मी बाहेर पडले की घरातली कोणीतरी आत्या खोबरेलाची वाटी घेऊन बसतेच. आणि हात लावायच्या आधी सांगायचं, आता उजवीकडे वळवते. माणूस निजून असला तरी ओंडका नव्हे.

हे मी नवऱ्यापासून शिकले. तो आंब्यांच्या बागेत कामाला जात असे. आंबे उतरवताना कलमावरून पडला आणि कंबरेखालचं सगळं गेलं. इस्पितळातल्या एका वयस्कर सिस्टरने मला एकदा दाखवलं आणि म्हणाली, "बघून ठेव, घरी मी येणार नाही." तो पुढे काही वर्षं जगला. मी देवाला रोज विचारायची, का? उत्तर आलं नाही. पाणी तापवायची वेळ मात्र रोज यायची. तो गेल्यावर शेजारच्या वाडीतून बोलावणं आलं, मग तिथून पुढे दुसऱ्या घरी. दुःखातून मला अर्थ सापडला नाही, कामधंदा सापडला.

घरं सगळ्या तऱ्हेची पाहिली. मिरकरवाड्यात एक म्हातारे तांडेल होते, आयुष्यभर मोठी होडी चालवलेले. अर्धं अंग गेलं होतं, जीभ शाबूत होती. वळवायला गेले की ओरडायचे, "अगो, अशी वळवतात काय? आधी वारा बघ!"

मी म्हणायची, "कुठनं आहे वारा?"

"तुझ्या तोंडातनं!"

त्यांची पाठ शेवटपर्यंत स्वच्छ राहिली. ते गेले तेव्हा त्यांच्या लेकाने मला एक भलीमोठी सुरमई दिली. ती उचलून नेताना माझीच कंबर धरली.

या कामात एक गोष्ट लक्षात आली. आजाऱ्याला भेटायला येणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक खाटेजवळ येतात, हात धरतात, आणि बहुतेक वेळा काही बोलत नाहीत. दुसरी दाराजवळच्या खुर्चीवर बसतात आणि कारण सांगतात. हिंदूंच्या घरात ती म्हणतात, गेल्या जन्मीचे भोग. आमच्या ख्रिस्ती घरात म्हणतात, देव परीक्षा बघतोय. खुर्ची दोन्हीकडे सारखीच असते. जखमेचा वास पोचत नाही एवढ्या अंतरावर.

आता सुलोचनाबाईंचं सांगते. त्यांच्या घरच्यांना विचारूनच लिहिते आहे.

सुलोचनाबाई शाळामास्तरीण होत्या. रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, संडेस्कूल घ्यायच्या. मंडळीतली अर्धी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, माझी पोरंसुद्धा. सरळ पाठ, कडक इस्त्रीचं पातळ, आणि बायबलचं वचन चुकलं की हातावर पट्टी. नवरा आधीच गेलेला. एकुलता मुलगा सुहास मुंबईला नोकरीला. त्याने लग्न केलं ते हातखंब्याच्या पलीकडच्या गावातल्या एका कुणब्याच्या मुलीशी, भारतीशी. तिने धर्म बदलला नाही, त्यानेही तिला बदलायला सांगितलं नाही. त्यावरून मंडळीत कुजबुज झाली, एकदोघं तोंडावर बोलले. सुहासने त्या दिवसापासून देवळाची पायरी सोडली. आईने त्याला पुष्कळ सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आला मात्र नाही.

भारती नाचणे गावातल्या घरी सासूजवळ राहायची आणि काजूच्या कारखान्यात जायची. दोघी एकमेकींशी नीट वागत. फार नीट. ज्या घरात सासूसुना कधीच भांडत नाहीत तिथे मला जरा काळजी वाटते.

सुलोचनाबाईंना कर्करोग झाला आणि तो हाडात उतरला. मणक्यात, खुब्यात. त्या उठेनाशा झाल्या तेव्हा सुहासने मला बोलावलं. हाडातलं दुखणं काय असतं ते मी नुसतं बघून सांगते, चादरीची सुरकुती सरळ केली तरी माणूस कळवळतं. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या. ठरावीक वेळेला द्यायच्या, दुखायला लागायची वाट बघायची नाही. मी त्या वेळेवर देत होते. तरी उपयोग दिसेना. वळवायला गेले की बाई टॉवेल दातात धरायच्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं, औषध कमी पडतंय.

मग एकदा चादर बदलताना एक गोळी चादरीला चिकटलेली सापडली. उशीच्या अभ्र्यात आणखी तीनचार.

मी त्या हातावर घेऊन त्यांच्यासमोर धरल्या. "बाई, हे काय?"

"तुला दिसतंय ना काय ते."

"जिभेखाली धरून ठेवता आणि मी वळले की थुंकता? तुमच्या संडेस्कूलमधलं पोर असं वागलं असतं तर?"

"पट्टी मारली असती," त्या म्हणाल्या. "पण मी लबाडी केली नाही, रूथ. तू कधी विचारलंच नाहीस, गिळली का म्हणून."

मग सांगितलं. त्यांनी प्रभूला शब्द दिला होता. हे दुखणं मी काहीही न घेता सोसेन, तू माझ्या सुहासला परत तुझ्या घरात आण.

मी म्हटलं, "हा तर नवस झाला."

"नवस!" त्यांचा आवाज एवढा मोठा कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. "आपल्यात नवस नसतो. हे अर्पण आहे."

"अर्पणात मागणं नसतं. तुम्हीच माझ्या पोरांना शिकवलंत."

"मोठी शहाणी झालीस." मग जरा थांबून म्हणाल्या, "वधस्तंभावर प्रभूला गुंगीचा द्राक्षारस देऊ केला होता. त्याने घेतला नाही."

"पण शेवटी तहान लागली म्हणाला. तेव्हा बोळा भिजवून ओठाला लावला, तो घेतला."

"तहान लागली म्हणाला. दुखतंय म्हणाला नाही."

शास्त्रात सुलोचनाबाईंशी वाद घालणं म्हणजे कोंबडीने घारीला उडायला शिकवणं. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, यातलं सुहासला काही कळता कामा नये.

हे सगळं त्यांचं आणि देवाचं आहे असं म्हणून मी गप्प बसले असते. पण प्रश्न पाठीचा होता. दुखतं म्हणून त्यांना नीट वळवता येत नव्हतं. नीट वळवलं नाही म्हणून माकडहाडावरची जागा लाल झाली. बोटाने दाबली, लालच राहिली. दोन दिवसांनी कातडी गेली आणि रुपयाएवढी जखम दिसायला लागली. ही जखम खोल गेली तर मरेपर्यंत त्यांची सुटका नव्हती, आणि मरण लगेच येईल असंही नव्हतं.

डॉक्टर रागावले. बाई हसल्या. मग मी आमच्या देवळातल्या पाळकसाहेबांना गाठलं. तरुण आहेत, माणूस चांगला. मी म्हटलं, "तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील." ते म्हणाले, "मावशी, मला दहा आज्ञा त्यांनीच पाठ करून घेतल्या. मी त्यांना काय सांगू?" तरी आले. प्रार्थना केली. बाईंनीच त्यांना मध्ये एक वचन चुकलं म्हणून सांगितलं. रविवारी उपासनेत ते म्हणाले, आपल्यामध्ये एक विश्वासू बहीण औषधाशिवाय सोसते आहे, तिच्याकडून शिका. ते बाईंच्या कानावर आलं. झालं. आता तर त्या मुळीच ऐकणार नव्हत्या.

वचन मी सुहासबद्दल दिलं होतं, सुनेबद्दल नाही. एका सकाळी भारती कारखान्यात निघाली होती, तिला परसदारी थांबवून मी सगळं सांगितलं. गोळ्या दाखवल्या. जखमेचं सांगितलं, ती तिने बघितलीच होती.

तिने हातातला डबा पायरीवर ठेवला. नंतर म्हणाली, "मावशी, मी असते तिथे तर त्या हुं की चूं करत नाहीत. मी खोलीतनं बाहेर आले की मग कण्हतात. मला वाटायचं, मी परकी म्हणून."

"तसं नाही गो."

"कसं का असंना. माझ्याच्यानं बघवत नाय."

त्या रविवारी ती माहेरी जाऊन आली. आल्यावर कामात काही फरक नव्हता. सासूची मऊ पेज करायची, भरवायची, माझ्या बरोबरीने चादर धरायची. फक्त जेवायला बसली की तिच्या ताटात नाचणीची भाकरी. कालवण माशाचं असलं तरी भाकरीच. मी म्हटलं, "भात गो?" ती म्हणाली, "नको." दुसऱ्या दिवशी "नको." तिसऱ्या दिवशी मी विचारायचं सोडलं. आमच्याकडे भाकरीने पोट भरतं, जेवण होत नाही. आणि ही तर भातशेती करणाऱ्यांची लेक, सकाळच्या पेजेवर वाढलेली. हळूहळू तिचा चेहरा उतरला. डोकं दुखतं म्हणायची. कारखान्यात एकदा भोवळ आली.

निजून असलेलं माणूस घर कानांनी बघतं. कोण आलं, कोण गेलं, दूध उतू गेलं, सगळं त्याला कळतं. एका सकाळी आम्ही दोघी बाईंचं अंग पुसत होतो, तर त्या म्हणाल्या,

"भारती, कुकर बिघडलाय का?"

"नाय, आई."

"मग शिट्टी का होत नाही?"

"तुमची पेज पातेल्यात करते ना."

"माझं नाही विचारत. तुझं विचारते. तू भात कशात करतेस?"

भारतीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बोल गो आता. मलापण ऐकायचंय."

"भात सोडलाय," ती म्हणाली.

"कशासाठी? बारीक व्हायला?"

"गाऱ्हाणं घातलंय. माहेरी, देवीपुढे. तुमचं दुखणं हलकं होईतोवर भात शिवायचा नाय."

गाऱ्हाणं म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गावातला एक जाणता माणूस देवापुढे उभा राहतो आणि ज्याचं जे मागणं असेल ते नावानिशी, मोठ्याने, सगळ्यांसमोर बोलतो. प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणतात, व्हय महाराजा. आम्ही 'आमेन' म्हणतो त्यातलाच प्रकार.

सुलोचनाबाईंच्या कपाळाची शीर उठली. "माझ्यासाठी? तुझ्या देवीपुढे?"

"माझ्याकडे जो देव हाय त्याच्याकडे गेले. दुसऱ्याकडे कशी जाणार? तुमच्या देवाकडे तुम्ही हायत."

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

मी चादर धरून उभी. त्या घरात असं उलट बोलणं मी पहिल्यांदा ऐकत होते. मला बरं वाटलं.

"मी माझ्या लेकासाठी सोसते आहे," बाई म्हणाल्या.

"मी माझ्या सासूसाठी."

मग बाईंनीच विचारलं, "तिथे काय म्हणाले? माझं नाव घेतलं?"

"घेतलं. माझ्या चुलत्यांनी घातलं गाऱ्हाणं. म्हणाले, किरिस्तावाची म्हातारी हाय, महाराजा, तुझ्या रयतेतली नाय, पण आपल्या लेकीची सासू हाय. तिची हाडं दुखतायत. तिला वाईच बरं वाटू दे."

"आणि?"

"सगळे व्हय महाराजा म्हणाले."

"मला ओळखत नाहीत ती माणसं."

"नाय ओळखत."

बाईंनी तोंड भिंतीकडे केलं. भारती कामाला गेली. तो दिवस वाईट गेला. दुपारी वळवताना टॉवेलसुद्धा पुरला नाही, माझा दंड धरला त्यांनी, नखं रुतली. बोलायचं ते सगळं आधीच बोलून हरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर त्या जाग्याच होत्या. म्हणाल्या, "रूथ, कुरेनेकर शिमोनाची गोष्ट आठवते?"

"तुम्ही सांगा."

"प्रभूला वधस्तंभ वाहून नेता येईना तेव्हा शिपायांनी रस्त्यातल्या एका माणसाला पकडलं. परगावचा. शेतावरून येत होता. त्याच्या खांद्यावर तो दिला. ही गोष्ट मी शिकवायचे, तेव्हा दर वर्षी एकतरी पोर विचारायचं, बाई, येशू देव होता ना, मग त्याला मदत कशाला लागली? मी सांगायचे, तो माणूसही होता. उत्तर पाठ होतं माझं."

त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं, चमच्याने. गिळल्यावर म्हणाल्या, "प्रभूने त्या माणसाला नको म्हटलं नाही."

"नाही म्हटलं."

"मी म्हणत होते." मग जरा वेळाने, "तू म्हणालीस ते खरं. नवसच केला मी. एवढी वर्षं पोरांना सांगितलं, देवाशी सौदा करायचा नाही, त्याने आपल्यासाठी सोसलंय ते हात पसरून घ्यायचं. आणि मला घ्यायची वेळ आली तर घेता येईना. सुहासचं काय ते तो बघेल. मी मध्ये तराजू धरून बसले होते."

माझे हात ओले होते, ते पुसले.

"भारती आहे का घरात?"

"निघतेय."

"तिला म्हणावं, कुकर लाव. आणि मला गोळी दे. दिल्यावर तोंड उघडून बघ हवं तर."

मी खरंच तोंड उघडून बघितलं. जीभ उचलून. त्या म्हणाल्या, "तुला पट्टीच मारायला हवी होती."

भारतीने कारखान्यात फोन केला, उशीर होईल म्हणून. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. ती ताट घेऊन खाटेजवळ जमिनीवर बसली. भात आणि कोकमाचं सार. पण घास घेईना.

"खा," बाई म्हणाल्या.

"हलकं झालं?"

"गोळी आत्ता घेतलीय. चढायला वेळ लागतो."

"मग मी थांबते. शब्द हलकं झाल्यावरचा हाय, गोळी घेतल्यावरचा नाय."

"हट्टी आहेस."

"ह्या घरात आल्यापासनं," भारती म्हणाली.

आम्ही तिघी थांबलो. बाहेर मासेवाली ओरडून गेली. शेजारी कोणीतरी चिऱ्यांचा ट्रक रिकामा करत होतं, त्याचा आवाज. भातावरची वाफ गेली. मी बाईंचा चेहरा बघत होते. आधी भुवया सैल झाल्या. मग ओठ. मग मुठी उघडल्या, कधी मिटल्या होत्या हे त्यांनाही ठाऊक नसावं.

"आता वळव," त्या मला म्हणाल्या.

मी सांगितलं, डावीकडे वळवते. चादर धरली आणि वळवलं. त्यांनी श्वास धरला आणि सोडला. एवढंच. मी जखम बघितली, धुतली, पट्टी लावली. पाठीमागून म्हटलं, "खा गो आता. तुझी सासू वळली."

भारतीने थंडगार भात खाल्ला. सगळा. बाई कुशीवरून तिच्याकडे बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "सार घे अजून." दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण मी माझ्या कामात होते. असल्या वेळी तिसऱ्या माणसाने कामात असावं.

नंतर बाईंनी विचारलं, "देवीला काय बोललीस? कोंबडा की नारळ?"

"नारळ."

"बरं झालं. परसातल्या झाडाचा ने. दिलेला शब्द फेडावा." कोणाला यात खोट दिसली तर त्याने माझ्याकडे यावं, आता बाईंकडे जाता येणार नाही.

त्यांनी स्वतःच सुहासला फोन लावायला सांगितला. म्हणाल्या, "देवळात जा असं मी सांगणार नाही. ये आणि माझी पाठ बघ." तो आला. मी त्याला वळवायला शिकवलं. पहिल्यांदा त्याने चादर अशी चाचरत धरली की मी म्हटलं, तुझ्यापेक्षा तो तांडेल एका हाताने बरं वळला असता. पण शिकला. आला की आईचं वळवणं तोच करायचा. देवळात मात्र गेला नाही. आजही जात नाही. बाईंनी मागितलं ते मिळालं नाही, हे मी लपवत नाही.

अंकाचा विषय दुःखाचा हेतू आहे म्हणून मला जे वाटतं ते एकदाच लिहिते. देव दुखणं पाठवतो आणि वरून गुण देतो, हे मला कधीच पटलं नाही. मी ज्या प्रभूला मानते तो स्वतः खिळलेला होता, त्याला हलतासुद्धा येत नव्हतं. असला देव दाराजवळच्या खुर्चीवर बसत नाही. तो खाटेवरच असतो. म्हणून खाटेवरच्या माणसाला हात लावताना मी जपून लावते. दुखण्यात अर्थ असतो का, मला ठाऊक नाही. पण कोणाचं तरी दुखणं आपल्या अंगावर घ्यायला एखादा उठतो, आणि दुसरा ते मान खाली घालून घेऊ देतो, तेव्हा त्या खोलीत काहीतरी येतं. ते मी बघितलंय. त्याला नाव पाळकसाहेबांनी द्यावं.

सुलोचनाबाई आणखी काही महिने होत्या. दुखणं गेलं नाही, गोळ्यांनी आवरलं. वळवता येत होतं म्हणून जखम वाढायची थांबली. मग कडेने गुलाबी होत भरत आली. अशा आजारात जखम भरणं सोपं नसतं. जो कोणी हे काम करतो त्याला विचारा. त्या शुद्धीवर होत्या, बोलत होत्या. भारतीकडून त्यांनी गाऱ्हाणं कसं घालतात ते सगळं म्हणून घेतलं आणि म्हणाल्या, चाल चांगली आहे. भारतीला त्यांनी काही शिकवायचा प्रयत्न केला का, हे त्या दोघींना ठाऊक. मी पाणी तापवत होते.

गणपती येऊन गेले आणि त्या एका सकाळी गेल्या. सुहास घरीच होता. आमच्यात माणसाला धुवून, चांगले कपडे घालून पेटीत ठेवतात. मी आणि भारतीने त्यांना धुतलं. सुहास दारावरच्या पडद्याबाहेर उभा होता. मी त्यांना कुशीवर घेतलं आणि बघितलं. माकडहाडावर नवी कातडी होती, पातळ, चकचकीत, पण पूर्ण मिटलेली. मी भारतीला दाखवली. मला अभिमान वाटला, तो मी लपवला नाही. मोठ्याने म्हटलं, "सुहास, तुझ्या आईची जखम भरली रे."

तो पडद्याबाहेरून म्हणाला, "आता त्याचा काय उपयोग, मावशी? पुरायचंच आहे."

मी म्हटलं, "पुरायचंय, पण पुढे उठायचंही आहे ना? उठायच्या दिवशी पाठ शाबूत असलेली बरी."

तो म्हणाला, "प्रभू उठला तेव्हा त्याच्या जखमा होत्याच की."

"त्याच्याजवळ मी नव्हते," मी म्हटलं.

पडद्यापलीकडून सुहास हसला. भारती हातातला ओला टॉवेल तोंडाला लावून हसली. मेलेल्या माणसाच्या खोलीत हसू नये म्हणतात. आमचं हसून झालं, मग त्याचं रडून झालं, तोवर मी बाईंच्या पातळाच्या निऱ्या नीट केल्या.

मग मी पडदा बाजूला केला. "ये आत," म्हटलं. "उचलायचंय. तिघं लागतील."